भट्टीवरचा नंबर

सेकोंडीच्या ठाण्यात काउंटरमागे मी,
कॉन्स्टेबल एबो आर्हिन, नोकरीचं दुसरं वर्ष.
ती आत आली आणि अख्ख्या खोलीला
धुराचा, मासळीचा वास आला.
अराबा क्वान्सा. वय विचारलं तर वार सांगितला : मंगळवार.
माझाही तोच. आमच्याकडे नावातच वार असतो.
तेवढ्यावर ती बाकावरून उठून खुर्चीत बसली.

फोन आला होता. आवाज मऊ, शाळामास्तरासारखा :
आई, चुकून तुमच्याकडे आठशे सेडी आले,
लेकराच्या फीचे. परत पाठवता का?
तसा मेसेजही आला होता.
मेसेज खोटा. गेलेले पैसे खरे, आणि तिचे.

आधी ती छत्रीखालच्या एजंटकडे गेली.
एजंट म्हणाला, कंपनीत जा.
कंपनीतली मुलगी हळहळली, तासाभरात यायला हवं होतंस,
आता पोलिसांचा कागद आण.
बाजारातल्या बाया म्हणाल्या, गप्प बस,
आठशे गेले ते गेले, वर हसू कशाला?

नंबर? मी विचारलं.
फोनमधला पुसला गेलाय. भट्टीवर आहे.
भट्टीवर?
कोळशानं लिहिला. हाताशी तेवढंच होतं.
मग कागदावर उतरवून आणायचा, मावशी.
ती माझ्याकडे बघत राहिली.
उतरवताना एक आकडा चुकला,
तर तू दुसऱ्याच कुणाला धरशील.

तीन दिवस तिनं भट्टी पेटवली नव्हती,
धुरात आकडे जातील म्हणून.
ओली मासळी निम्म्या भावानं बहिणीला दिली.
हे जबानीत नाही. हे मला नंतर कळलं.

जबानी वाचून दाखवली. पहिलं वाक्य : मी फसले.
तिनं टेबलावर बोट टेकवलं.
खोड ते.
काम त्यानं केलं, वाक्यही त्याच्याच नावानं लिही.
मी लिहिलं : त्यानं मला फसवलं.
आजवर किती जणांना मी माझ्या अक्षरात
‘फसले, फसलो’ करून घरी पाठवलं,
मोजलेलं नाही.

मग तिच्या मागून चालत गेलो.
अंगणात मातीची गोल भट्टी, तिच्या पोटावर दहा आकडे.
हा एक की सात?
सातच तो. टोपी घातलेला.
आणि आपल्याच बोलण्यावर ती पहिल्यांदा हसली.

फोटो काढला. तिनं आकडे मोठ्यानं म्हटले,
मी मागून म्हटले, जसं पाढे म्हणतात.
पैसे मिळतील?
ठाण्यात शिकवलेलं उत्तर होतं माझ्याकडे.
मी म्हणालो, माहीत नाही.
पण उद्या आणखी कुणी हाच नंबर घेऊन आलं,
तर ते एकटं नसेल.

ती वाकली. लाकडं आत सारली, काडी ओढली.
आकडे धुरकटले, मग दिसेनासे झाले.

ठाण्यात परत येऊन रजिस्टर उघडलं.
बाह्यांना अजून तो वास.
एकेक आकडा सावकाश लिहीत
सातापाशी थांबलो,
आणि टोपी नीट काढली.