मिनिटाचा भाव

एक तास अठरा हजार.
म्हणजे मिनिटाला तीनशे.
शलाकानं आकडा सांगितला त्या रात्री
मी कणीक मळायची थांबले नाही,
पण बोटं आपोआप मोजायला लागली.

नव्या पेठेत माझी मेस. चाळीस ताटं,
सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं.
महिन्याला तीन हजार, दोन वेळ,
रविवारी संध्याकाळी सुट्टी.
एक पोरगा महिनाभर जेवला
की माझी मुलगी दहा मिनिटं हवेत.
असे दोनशे तास लागतात लायसनला.
त्यातून डाळ, गॅस, भाडं वजा करा,
तर पोरगा महिनाभर जेवून
चाकं जेमतेम जमिनीवरून सुटतात.

पाटल्या मोडल्या रविवार पेठेत. पंधरा तास.
सोनार म्हणाला, घट धरावी लागेल ताई.
म्हटलं धरा,
विमानाला वजन कमीच बरं.

बँकेतल्या साहेबानं विचारलं, तारण काय?
खोली भाड्याची. नवरा फोटोत.
इंजिनिअरिंगला का घालत नाही, म्हणाला,
त्याला उद्या देतो.
शलाका काही बोलली नाही.
बाहेर पायरीवर बसून
चपलेचा तुटका बंद मात्र
फार वेळ नीट करत राहिली.

मग ताटावर ताटावर बातमी पसरली.
वसमतचा मारोती कऱ्हाळे,
पाच पूर्व, तीन मुख्य, मुलाखत एकही नाही,
त्याला शासन निर्णय असा वाचता येतो
जसा मला वासावरून रस्सा.
आमटीचा हात बाजूला धरून
डाव्या अंगठ्यानं मोबाईल सरकवत म्हणाला,
काकू, पान सहा. तळटीप.
वैमानिक प्रशिक्षण, मुलींसाठी दोन जागा.
दोन.
अख्ख्या राज्यात.

उत्पन्नाचा दाखला तीनदा परत आला.
एकदा शलाकाची शालका झाली,
एकदा सही होती, शिक्का नव्हता,
एकदा अक्षरी रक्कम वेगळी, आकडी वेगळी.
आता काय सांगू तहसीलला,
आमचं उत्पन्न ओगराळ्यात मोजतात.
तरी अर्ज गेला. यादी लागली.
प्रतीक्षेत तिसरी.
म्हणजे दोघी-तिघींचं काहीतरी बिघडावं
असं मनात येतं देवापुढे,
आणि मी पटकन उदबत्ती लावून
दुसरंच काहीतरी मागते.

कॅम्पातल्या एका ट्रस्टनं बोलावलं.
उंच छत, लांब दांडीचा पंखा,
टेबलापलीकडे होमाय बाई, वय ऐंशीच्या पुढे.
एवढंच विचारलं:
पडायची भीती वाटते?
शलाका म्हणाली, नाही. पैसे संपायची वाटते.
बाई हसल्या नाहीत.
चष्मा पुसला, परत घातला, कागद ओढला.
पंचवीस तास.
फेडायचे, पण मला नाही, म्हणाल्या,
तुझ्यानंतर येईल तिला.

पंधरा आणि पंचवीस, चाळीस झाले.
उरले एकशे साठ.
वहीत मी धोब्याच्या पानामागे लिहिते,
तिथे कुणी बघत नाही.

मार्चमध्ये मारोतीनं खोली सोडली.
वय संपलं काकू, म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, दूध संपलं.
वसमतला चुलत्याचं खताचं दुकान आहे.
हिशेब चुकता केला, डबा धुऊन पालथा घातला,
आणि त्यावर तीनशे रुपये ठेवले वेगळे.
एक मिनिट माझ्याकडून.
मी घेत नव्हते. तो जिना उतरून गेला
ट्रंक प्रत्येक पायरीला आपटत.

रात्री भांडी झाल्यावर विचारलं,
काय गं, एका मिनिटात काय होतं वर?
तिनं पुस्तकातून मान काढली नाही.
नियमानं वळवलं, तर अर्धं वळण पुरं होतं.
म्हणजे?
म्हणजे जिकडे पाठ होती ना आई,
तिकडे तोंड येतं.

वहीत लिहिलं: कऱ्हाळे, एक मिनिट.
मग उठून
उद्याचे वाटाणे भिजत घातले.