बॅच नंबर

टार्टूत आज उणे एकोणीस.
आईच्या अंगावर विजेची रजई,
तीच, जी कंपनीने परत मागवली आहे
असं दुपारपासून फोन सांगतो आहे.
कंपनीची सूचना दोन ओळींची:
काही बॅचेस. खबरदारी म्हणून.
'काही' म्हणजे कुठल्या, हे लिहायच्या आत
त्यांच्या वकिलाची शाई संपली असावी.

मग मी माणसांकडे वळले.
तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
स्वल्पविरामावरून माणूस ओळखता येतो
असा माझा समज.

'खरं बोलणारी': सूर्यफुलाचा फोटो,
खातं उघडलं मंगळवारी,
आणि आज शुक्रवारी तिची तिसरी रजई जळाली.
एका बाईकडे रजया तरी किती?
तिच्याखाली काइडो, त्याच्याखाली मार्गुस,
तिघांच्याही उद्गारचिन्हाआधी एक मोकळी जागा,
तिघांचाही 'वायर' ऱ्हस्व-दीर्घात त्याच ठिकाणी घसरलेला.
तोंडं तीन, जीभ एकच.
शेवटी दुसऱ्याच रजईची जाहिरात,
वीस टक्के सूट, फक्त आज रात्री.

पलीकडे एक पांढरा कोट.
घाबरू नका, म्हणतो, माझ्या घरी चार आहेत.
हा कोट मी पाहिला आहे
रीगाच्या एका दंतवैद्याच्या पत्रकावर,
आणि याचं मागचं सगळं लिखाण
याच कंपनीच्या किटलीचं कौतुक.

वाल्गाची एक बाई नुसती किंचाळते.
मुलीच्या पोटरीवर फोड, फोटो धूसर,
तारीख नाही, पूर्णविराम नाही, शुद्धलेखनाची माती.
तिच्यावर मी फुली मारणारच होते.
मग खाली खाली गेले, सात वर्षं खाली:
हरवलेलं मांजर. बसचं बदललेलं वेळापत्रक.
विकायची शिडी, एक पायरी मोडलेली, तसं लिहून.
नवरा गेला त्या दिवशी काहीच नाही,
आठवड्याने पुन्हा मांजर.
लाल पेन्सिल मी खाली ठेवली.

आणि व्होरूचा एंडेल.
अकरा वर्षं हा माणूस बर्फाची जाडी लिहितो,
कुठल्या तळ्यावर किती बोटं, बस.
आज लिहितो:
काल मी अकरा नंबरची बॅच म्हणालो, ते चुकलं.
फोनवर पाऊण तास थांबलो, पोरगी सतरा म्हणाली होती,
मला ऐकू कमी येतं.
लेबल पायाकडच्या शिवणीत, आतून.
माझ्यावर जाऊ नका, बघून घ्या.

चार तास मी जगाला तपासत होते.
रजई शेजारच्या खोलीत होती.

आई, पाय उचल जरा.
कोण आलंय?
कोणी नाही. नंबर बघते.
कुणाचा?

धुवून धुवून लेबल कापसासारखं झालेलं.
पहिला आकडा एक. दुसऱ्यावरून दोरा गेलेला,
एक म्हणावा तर सात, सात म्हणावा तर एक.
मी प्लग काढला.
दोन बाटल्यांत गरम पाणी भरलं,
बाबांच्या मोज्यांत घातल्या, तिच्या पायांशी ठेवल्या.

मग आयुष्यात पहिल्यांदा मीही लिहिलं:
आकडा वाचता येत नाही, कुणाला येतो का?
खाली लेबलाचा फोटो, माझा अंगठा, हललेला.
उत्तर तत्काळ आलं:
नाव नवीन, चेहरा नाही, पहिलीच पोस्ट.
बनावट. किती पैसे मिळाले, बाई?

खोटं कशाला बोलू,
मीही हेच म्हटलं असतं.

तासाभराने एंडेल: सात वाटतो. पण दोरा आहे.
काढलात ना प्लग?

अंधारातून आई म्हणाली,
झोप आता, मला नाही थंडी वाजत.
मी हात घालून पाहिलं.
तळवे गार होते.