मोठ्यानं बोला

जे कराल ते मोठ्यानं बोला,
असा इथला नियम.
हात धुतले तर सांगा, हात धुतले.
पडदा ओढला तर सांगा, पडदा ओढला.
बोलला नाहीत
तर केलेलं धरत नाहीत.

मागच्या खेपेला मी सगळं केलं, प्रभू,
तू पाहिलंस.
मनगटाच्या पट्टीवरचं नाव वाचलं, मनात.
जन्मतारीखही मनात.
बावीस वर्षं जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात
रात्रपाळीला पेशंटची झोप मोडू नये म्हणून
मी मनातच वाचत आले सगळं.
परीक्षक बाई चांगल्या होत्या,
थांबल्या माझ्या तोंडाकडे बघत.
मग कागदावर फुली मारली,
अगदी हळू, त्यांनाच दुखावं तशी.

आता ही दुसरी खेप.
नॉर्थॅम्प्टनमध्ये, बुटांच्या जुन्या कारखान्यामागे
एका रात्रीची खोली,
दोन खाटा, एक किटली, न उघडणारी खिडकी.
पलीकडे लिजीमोल, कोट्टायमची,
जपमाळेचे मणी सरकवते आहे.
आमच्या कंपाउंडात मणी नव्हते.
नुसते गुडघे टेकायचो,
आणि पप्पांची प्रार्थना संपेपर्यंत
आमटी गार व्हायची.

गुडघे टेकलेत.
कार्पेटला कुणाच्या तरी सिगारेटचा वास.
काय मागू?
पास कर म्हणू? लिजीमोल तेच मागत असेल,
तिचीही दुसरीच खेप.
तुझ्याकडे जागा मोजक्या नाहीत, ठाऊक आहे,
तरी ओशाळल्यासारखं होतं.

फी उसनी आहे.
वॉर्डात अजून औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही.
माझ्या निम्म्या वयाची पोर म्हणते, डार्लिंग, जरा चहा,
आणि मी आणते,
पण साखर रागानं ढवळते.
हेही तू पाहिलंस.

साडेआठला सुवार्ताचा फोन आला.
तिकडे रात्रीचे दोन,
सकाळी तिचा बारावीचा फिजिक्सचा पेपर.
दर पेपरला मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे,
तेल लावलेल्या भांगावर,
तिचा एक पाय चपलेत, एक बाहेर,
मम्मी, आमेन म्हण ना लवकर.
आज म्हणाली, मम्मी, आधी तू. डोकं पुढे कर.
आणि तळवा ठेवला कॅमेऱ्यावर.

स्क्रीन काळी झाली.
काळीही नाही,
कडेनं तांबूस,
बोटांच्या फटीतून तिच्या टेबलावरचा दिवा झिरपत होता.
मी कपाळ टेकवलं काचेवर.
काच कोमट होती.
बॅटरी तापली असेल, म्हणोत कुणी.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
किती वेळ गेला कळलं नाही,
लिजीमोलचे मणीसुद्धा थांबले होते.

प्रभू, उद्या मी सगळं बोलेन.
नाव विचारेन, जन्मतारीख विचारेन,
दुखतंय का, शून्य ते दहा मध्ये किती,
रबरी बाहुलीलाही विचारेन,
आणि तिच्या वतीनं दुसरं कुणी सांगेल, सात,
तेव्हा सातला लागतं तेवढं वाईट वाटू दे मला.
जीभ अडखळली तर अडखळू दे.
गप्प मात्र बसू देऊ नकोस.
आणि फुलीच पडली तर
परतीच्या बसमध्ये शेजारची सीट तुझी,
एवढं आधीच सांगून ठेवते.

उसने पैसे, फिजिक्सचा पेपर, ती साखर,
हे काही मला मोठ्यानं म्हणवणार नाही.
तू धर.
तुझ्याकडे न बोललेलंही धरतात,
म्हणून तर मी तुझ्याकडे येते.

उठले. कप विसळला, बेसिनवर हात धुतले,
आणि कुणीही न विचारता
तोंडातून निघालं, हात धुतले.

अंधारातून लिजीमोल म्हणाली,
बरोबर. पुढे?