शेवटून पहिला

मी नेहमी शेवटी चालतो.
आमच्या मंडळात ज्याचं त्याचं काम ठरलेलं :
बोरस्ते पुढे, गळ्यात शिट्टी.
लोढा दातांचा डॉक्टर, पण पायांचे फोड तोच बांधतो.
इरफानकडे स्टोव्ह आणि सगळ्यांची चेष्टा.
माझ्याकडे मोजणी.

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कागद मोजले.
एक जरी कमी भरला तरी पाळी सुटायची नाही,
भोंगा होऊन जायचा,
घरी आमटी निवून जायची.
अंगठ्याला ती खोड अजून आहे.
बारी आली की तो आपोआप तर्जनीवर घासतो
आणि मी म्हणतो, तेरा.

मार्कंड्याच्या माथ्यावर तेरा.
उतरताना वाळल्या कारवीत ओवीच्या बुटाचा तळ सुटला,
सुतळीनं आवळला, तेरा.
रावळ्या-जावळ्याच्या मधल्या पठारावर
तिवारीत, भोयांच्या अंगणात, अंधार पडताना, तेरा.
सकूबाईंनी नागलीच्या भाकरी थापल्या, खुरासणीची चटणी.
पैशांचं विचारलं तर म्हणाल्या,
"आधी जेवा. मंग बघू."

थंडी अशी की निफाडकडच्या द्राक्षबागांत
शेकोट्या पेटलेल्या असणार.
गायधनी बाई घोंगडीत बसून होत्या.
वय एकाहत्तर. दिंडोरीच्या शाळेत भूगोल शिकवला,
फळ्यावर अख्खी सातमाळा काढायच्या
खडू न उचलता.
"फक्त धोडपच्या त्या खाचेपाशी
दर वर्षी खडू मोडायचा," म्हणाल्या.
"अजून जवळून पाहिली नाही ती."

सकाळी त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला.
मग सोडला.
सगळे पुढे निघालेले. मागे मीच,
म्हणून मलाच सांगितलं :
"मी इथवरच येणार होते, घरून निघतानाच.
बोरस्तेला लगेच बोलू नका, तो सभा घेईल."
आणि सकूबाईंच्या शेजारी तांदूळ निवडायला बसल्या,
जणू पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंगणात बसत आल्यात.

मी चालू लागलो. अंगठा घासला.
तेरा, म्हणालो.
ओवी वळली, "काका, बारा."
पुढच्या धारेवर पुन्हा तेच.
मग चुकलो, बोरस्तेची वाट काटवणात संपली,
तासभर करवंदीनं सगळ्यांना ओरबाडलं,
पाणी घोटावर आलं,
इरफानसुद्धा गप्प.
तिसऱ्या वेळी मी तेरा म्हणालो तेव्हा
कुणीच दुरुस्त केलं नाही.

रात्री धोडपच्या गुहेबाहेर वारा सपासप.
ती खाच चांदण्यात होती,
कातळाच्या भिंतीतून एक दात काढल्यासारखी.
(हे लोढा म्हणाला. दुसरं कोण म्हणणार.)
आणि पश्चिमेला, लांब, काळ्या धारेवर
एक उजेड लागला. विझला. लागला.
"बाई!" ओवी ओरडली.
"मोटारसायकल असेल, वळणावरची," लोढा.
बोरस्तेनं शिट्टी फुंकली, इतक्या लांब कोण ऐकतंय.
इरफाननं टॉर्च उघडमीट केला.
मी मोजत होतो.
अकरा झाले,
मग काही नाही.
प्रेसमध्ये अशा वेळी गठ्ठा पुन्हा मोजायला घ्यायचो.

हट्टीला उतरून वडाळीभोईला एसटी धरली.
कंडक्टरनं विचारलं, किती?
तोंडातून निघून गेलं.
यंत्रातून तेरा तिकिटं सळसळत आली,
त्यानं माणसं मोजली, माझ्याकडे पाहिलं,
"हे कुणाचं?"
"येणारेत," म्हणालो.
दिलेली नोट
कधीकाळी माझ्याच अंगठ्याखालून गेली असेल, नसेल.

जुन्या सीबीएसच्या बाकावर
गायधनी बाई शेंगा खात बसलेल्या,
वणीवरून जीपनं केव्हाच आलेल्या.
"किती वेळ लावलात! दिसली का खाच?"
टॉर्चचं मी विचारलं नाही.
तिकीट पुढे केलं.
त्यांनी चष्मा चढवून वाचलं,
वडाळीभोई ते नाशिक, एक पूर्ण,
"अहो, मला सत्तरीनंतर अर्धंच लागतं,"
म्हणाल्या,
आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं.