चिल्लर

सदरच्या त्या काचेच्या दुकानात
एसी इतका, की उन्हासाठी बांधलेला दुपट्टा
मी आत थंडीसाठी आवळून घेतला.
बाहेर पंचेचाळीस.
भिंतीवर लाल आकड्यांची पाटी, झेंड्याखाली झेंडा,
आणि प्रत्येकापुढे दोन भाव :
ते घेणार त्याचा एक, ते देणार त्याचा एक.
एकाच नोटेला दोन भाव कसे, हे मी विचारलं नाही.
गणेशपेठ डेपोत एकतीस वर्षं
बसलेल्याला आणि उभ्याला मी एकाच दराचं तिकीट दिलं,
तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं.

जरीपटक्याचा हरेश म्हणाला, काका, बँकॉक ना?
बाट इथून न्याल तर महाग पडतील,
रुपये तिकडे मोडाल तर त्याहून महाग.
डॉलर न्या.
आणि शंभराचीच नोट न्या.
दहा-वीसच्या नोटांना तिथं भाव कमी देतात.

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

मोठ्या नोटेला भाव जास्त!
आणि मी, बिल्ला छातीवर लावून,
भिवापूरच्या पहिल्या गाडीत सकाळी सहाला
शंभर काढणाऱ्या प्रत्येकावर खेकसलो :
चिल्लर नसन त उतरा बाप्पा,
माह्याजवळ काय टाकसाळ हाय?
दहाच्या मळक्या नोटा, सांभाराचा वास लागलेल्या,
घामानं मऊ पडलेल्या, टिकली चिकटलेली एखादी,
त्यांच्यावर माझी गाडी चालली.
त्या इथं कुणी हातातसुद्धा धरल्या नसत्या.

हरेशनं एक नोट दाखवली. कोरी. हिरवट.
घडी चालत नाही, पेनाची रेघ चालत नाही.
माझ्या बोटांना कुठं ठाऊक?
त्यांनी ती उभी दुमडून
मधल्या बोटामागे खोचायला घेतली होती.
काका! म्हणून ओरडला पोरगा.

घरी कूलरपुढे बैठक बसली.
प्रांजली पुण्याहून फोनवर : बाबा, कार्ड न्या फक्त.
कार्ड हलवून पाहिलं. वाजत नाही.
पंचफुला म्हणाली, मी त रुपयेच नेईन.
विहाराच्या दानपेटीत टाकले,
त बुद्ध का भाव पाहीन?
यावर फोनमध्येही कुणी बोललं नाही.

रात्री झोप नाही.
जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्यावर हिशेब करत बसलो,
पाठ कोरी असते त्यांची.
तिकिटाच्या पाठीवरच तर लिहून द्यायचो,
बाकी इतके, उतरताना घ्या.
पाचगावच्या एका बाईचे सतरा रुपये होते.
मी मागच्या सीटवर एका दारुड्याशी भांडत होतो,
डबल घंटी झाली, गाडी सुटली,
ती खाली उभी, हातात तिकीट उंच धरून.
नंतर किती महिने त्या थांब्यावर
मी दारातून वाकून पाहत गेलो.
चेहरा आठवत नव्हता, फक्त तो हात.
सतरा रुपये म्हणजे बाटमध्ये सहा, फार तर सात.
डॉलरमध्ये करून पाहिले,
आकडा पूज्याच्या पलीकडे कुठं तरी गेला,
मी पेन ठेवून दिला.

शेवटी असं ठरलं :
शंभराच्या पाच, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट,
लग्नाच्या फोटोसारख्या.
कार्ड पंचफुलाच्या पर्समध्ये, कारण माझ्याकडून हरवेल.
दानपेटीचे रुपये वेगळे.

निघताना तिनं रुमालाची एक गाठ हातावर ठेवली.
आत दहाच्या नोटा, थोडी नाणी.
म्हटलं, हे कशाचे?
विमानतळावरून घरी येवाच्या आटोचे, ती म्हणाली,
त्याले का डालर देसान?

मी गाठ सोडली, मोजले.
सवयीनं पुन्हा एकदा मोजले.
आटो फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होता.