चवीपुरता समुद्र

द्राक्षाची गोडी मोजायचं काम माझं.
मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत:
काचेवर रसाचा थेंब, वर झाकण, डोळा उजेडाकडे,
निळ्या-पांढऱ्याची हद्द अठरावर टेकली
की म्हणायचं, कापा.

तसलीच नळी आता घरीही आहे,
आतली पट्टी तेवढी खाऱ्याची.
पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
टीव्ही होता तिथं साठ लिटर समुद्र.

ही हौस मामंजींची.
उभा जन्म नोटप्रेसमध्ये कोऱ्या नोटांतली खोट हुडकली,
निवृत्तीनंतर बघायला काही उरलं नाही
तर पेपरातले सुटलेले अनुस्वार मोजत बसायचे.
शालिमारचा मुदस्सर म्हणाला,
काका, महिनाभर मासा मागू नका,
नुसतं पाणी बघायचं.
मामंजी म्हणाले, जमेल.

बादलीत आरओचं पाणी, पिशवीतलं मीठ
(अहेरवहिनी दारातूनच: "अगं, खडेमीठ स्वस्त पडलं असतं!"),
मग खडक, मग वाट.
चाचणीच्या नळीत अमोनिया हिरवा झाला, उतरला,
नायट्राइट जांभळा झाला, उतरला.
वहीत तारीख, रंग, आणि खाली सही.
सही कशाला, मी विचारलं.
"तपासलं की सही करायची असते."

खडकांवर तपकिरी साय चढली.
मी ब्रश घेऊन उभी. थांब, म्हणाले.
पाच गोगलगायी आणल्या, त्यांनी आठवड्यात वाटा पाडल्या.
एका रात्री टॉर्चच्या उजेडात
कपारीतून बारीक पाच हात बाहेर आले,
ज्याचे पैसे दिलेच नव्हते असा एक तारा.
त्याचीही वहीत नोंद.

मग दोन क्लाउनफिश, नखाएवढे.
पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली,
वाटीवाटीनं नव्या पाण्याची ओळख करून दिली.
दोघांतला जो थोराड होईल तो मादी होतो म्हणे.
मामंजी यावर दोन दिवस काही बोलले नाहीत.

मार्चअखेर कंटेनर भरायची घाई.
मी रात्री अकराला यायची, चपलेसकट झोपायची.
दहा दिवस नळीला डोळा लावला नाही.
इकडे ऊन तापलेलं, पाणी रोज बोटभर उतरायचं,
आणि मामंजी रोज ते भरून काढायचे,
मन लावून, मीठ कालवून.

अकराव्या रात्री हद्द एक्केचाळीसवर.
झोआंथिड मिटलेले, मुठी आवळल्यासारखे.
चार गोगलगायी उलट्या.
मासे कोपऱ्यात, भराभर कल्ले हलवत.

मामंजी, उडतं ते फक्त पाणी, मी म्हटलं,
मीठ कुठं जात नाही.
वरून घालायचं ते गोडं पाणी.

ते चष्मा पुसत राहिले.
बराच वेळ.
मग म्हणाले, खोट माझी.
मला म्हणायचं होतं, मोजायचं काम माझं होतं.
म्हटलं नाही. तांब्या आणला.

तीन दिवस लागले.
खारं काढ, गोडं घाल, पेलापेलानं,
घाई केली तर उरलेलेही जातील.
तिसऱ्या सकाळी एक झोआंथिड अर्धा उघडला,
दुसरा अजून विचारात.
काचेला आता चिकटपट्टी आहे,
तिच्यावर त्यांच्या अक्षरात: इथपर्यंत. गोडं.

शनिवारी दुरुस्तीसाठी वीज जाते
तेव्हा ते बॅटरीचा पंप लावून
बुडबुड्यांशेजारी खुर्ची टाकून बसतात.
मी दारात आले की आवाज येतो,
"आज किती भरली?"
साडेअठरा.
"इथं पस्तीस. बघून घे."
मी बघते. पस्तीस.
ते सही करतात, पेन माझ्याकडे धरतात.
"तूही कर."

हात धुवायचे राहिले होते.
पानावर द्राक्षाचा चिकट अंगठा उमटला,
सहीच्या अगदी शेजारी.