काढायची तारीख

सोळा नंबरची. साधी रबरी.
सिलिकॉनची देऊ का, मेडिकलवाल्याने विचारलं होतं,
आणि मी किंमत विचारली होती.

बाबा रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं पाइप फिटर.
पाइपाला कान लावून सांगायचे
लाइन कुठे कोंदलीय, कुठला व्हॉल्व घोरतोय.
कॉटच्या दांड्याला लटकलेली पिशवी
त्यांनी पहिल्या दिवशी एकदाच पाहिली
आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी पालिकेच्या पाणी खात्यात.
कोपरखैरणेच्या चार सेक्टरांत मीटर वाचत फिरते.
आकड्यांची सवय म्हणून
कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेले:
सकाळी चारशे. दुपारी अडीचशे.
रंग गवती चहाचा.
रंग कशाला लिहितेस, मिलिंद फोनवर म्हणाला.

टाके दाखवायला नेलं त्या दिवशी
जिन्यात कर्पेबाई भेटतील म्हणून
मी पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली,
वरून आईची शाल.
रिक्षात त्यांनी माझा हात दाबला, सोडला नाही.
खाली ठेवा, नेहमी खाली, सिस्टरने बजावलं होतं.
पण त्या हातासाठी
मी पिशवी पुन्हा वरच ठेवली असती.
आणि पिशवीतलं शिळं पाणी
शालीखालून, गुपचूप,
आलं त्याच वाटेने वर चढत गेलं.

तिसऱ्या रात्री दात वाजायला लागले.
मे महिना, तीन चादरी, तरी कॉट हलत होती.
पिल्लई, प्रेशर वाढतंय, बायपास उघड!
शेलारला बोलव!
मग माझ्याकडे बघून एकदम हळू आवाजात:
बाई, तुम्ही प्लँटमध्ये कशा?
आणि चपलांवर?

वय झालंय, मिलिंद म्हणाला, डोक्यावर परिणाम.
मी कॅलेंडर उलटलं.
दुपारी ऐंशी. गढूळ. तळाशी दोरे.
माझ्याच अक्षरात.
मी लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

वाशीला रिपोर्ट आला.
वर जंतूचं लांबलचक नाव, खाली औषधांची यादी,
प्रत्येकापुढे एकेक अक्षर:
आर, आर, आर, आर,
थकबाकीदारांची यादी वाचावी तशी बोट ठेवून वाचत गेले.
एकच एस.
तेही शिरेतून, दहा दिवस.

नवी डॉक्टर, तांडेल, विशी-बाविशीची वाटली.
चादर बाजूला करून म्हणाली,
ही अजून कशासाठी आहे?

मावशीने सिस्टरकडे पाहिलं.
सिस्टरने फाइलकडे.
फाइलमध्ये घालायची तारीख होती.
काढायची नव्हती.
घालताना कारण होतं: मोडलेला खुबा.
ऑपरेशन झालं, टाके सुकले, वॉकर आला,
कारण कधीच डिस्चार्ज घेऊन घरी गेलं.
नळी राहिली, सव्वीस दिवस.
तिला जा म्हणायचं कुणाचं काम, ते ठरलं नव्हतं.

सिरिंजने फुग्यातलं पाणी ओढून घेतलं.
बाबांनी डोळे घट्ट मिटले, मग उघडले.
दाखवा, म्हणाले.
आजोबा, हात नका लावू.
नाही लावत. उजेडात धरा.
कापलेल्या तोंडाशी आत पिवळट, बुळबुळीत साय.
बराच वेळ बघत राहिले,
कामावर बघायचे तसं, एक डोळा बारीक करून.
शेवाळ धरलंय, म्हणाले.
वाहत्या लाइनलाही धरतं.
लोकांना वाटतं, वाहतंय म्हणजे साफ आहे.
मग जरा थांबून:
एवढी वर्षं लाइनी खोलल्या,
मीपण विचारलं नाही.

आता मी बाथरूमच्या दाराशी उभी.
आत खोकला. वॉकरचा पाय घासला.
नळ सोडला, बंद केला.
एक शिवी, कुणाला ते कळलं नाही.
मग थेंब. मग काहीच नाही.
मग बारीक, तुटकी, अडखळत एक धार.
मी दाराला कान लावलेला.

गेलीस का? आतून विचारतात.
गेले, म्हणते.